रिकार्डो इंदापुरात आला तेव्हा

अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांचा भारतातील दुष्काळ-निवारणावरचा दीर्घ निबंध मी वाचत होते आणि शेजारी आत्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. त्या निबंधाचा मोठा भाग 1970 ते 1973 या काळातील महाराष्ट्राच्या दुष्काळाविषयी आहे. आत्या तेव्हा नवी नवरी होती आणि इंदापूर तालुक्यात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. म्हणून एका आकड्यापाशी थांबून मी तिला सांगितले की मे 1973 मध्ये राज्यभरातील दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसे होती. तिने क्षणभर हात थांबवला. "त्यात मला धरलंय का?" मी म्हटले, "धरलं असणारच, आत्या." त्यावर ती म्हणाली, "कसं धरतील? मस्टरवर नाव जाऊबाईचं व्हतं. ती बाळंत झाली, तवा तिच्या नावावर मी जायची. माझं नाव तर रेशनकार्डावर पण चढलं नव्हतं." एवढे बोलून ती पुन्हा शेंगा फोडू लागली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. गणिताने पाहिले तर तिच्या सांगण्याने तक्त्यात काहीही बदलत नाही. जाऊबाईंच्या नावापुढे हजेरी पडली, एक माणूस कामावर होते आणि एक माणूस मोजले गेले. बेरीज बरोबर आहे.

पण तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना.

विकासाचे अर्थशास्त्र, राजकारण आणि विचारांचा इतिहास या विषयांवरची अभ्यासू पुस्तके मी पुष्कळ वर्षे वाचते आहे. पोटापाण्याशी त्यांचा संबंध नाही. ती मला मनापासून आवडतात. द्रेझ यांचा हा निबंधही मी पूर्वी वाचलेला होता. तो पहिल्यांदा वाचताना मी थरारून गेले होते, कारण ज्या गोष्टी घरात केवळ नशिबाच्या भाषेत बोलल्या जात, त्यांची कारणे तिथे एकापुढे एक मांडलेली होती. 1972-73 मध्ये महाराष्ट्राचे धान्योत्पादन नेहमीच्या निम्म्याच्याही खाली गेले होते. माणशी धान्याचा हिशेब केला, तर पुढे जगभर ज्यांच्या उपासमारीची छायाचित्रे छापून आली त्या आफ्रिकेतील काही देशांपेक्षाही आपली स्थिती वाईट होती. तरीही उपासमारीने मोठ्या प्रमाणावर माणसे मेली नाहीत. कामावर गेलेल्या माणसाच्या हातात रोख मजुरी पडत होती, त्या मजुरीच्या ओढीने धान्य बाजारात येत होते, आणि जी काही तूट होती ती केवळ भूमिहीनांच्याच ताटात न पडता सगळ्या थरांत वाटली गेली. अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या ग्रंथात मांडलेला मुद्दा इथे उलट्या बाजूने सिद्ध होताना दिसतो. बंगालमध्ये 1943 साली धान्य होते, पण मजुरांच्या, कोळ्यांच्या, कारागिरांच्या हाती ते विकत घेण्याची ताकद उरली नव्हती, म्हणून लाखो माणसे गेली. महाराष्ट्रात धान्य फारच थोडे होते, परंतु ते मिळवण्याचा एक मार्ग खुला ठेवला गेला, म्हणून माणसे जगली.

आत्याच्या आठवणीत यातले काही नाही आणि सगळेच आहे. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी थापताना कडेने फुटायची आणि तिचा वास दिवसभर हाताला राहायचा. कामावर वाटली जाणारी सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, गोड लागायची, पण कामावर ती खायची की पदराला बांधून घरी न्यायची, यावर रोज मनात झगडा व्हायचा. खडी फोडताना कच डोळ्यांत जाऊ नये म्हणून मान कशी तिरपी धरायची, डाव्या हाताच्या बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे कसे गुंडाळायचे, हातोडीचा घाव दगडाच्या शिरेवर बसला की आवाजच कसा वेगळा येतो, हे ती अजूनही हाताने करून दाखवते. खडीचा ढीग ब्रास या घनमापावर मोजला जाई आणि मोजणारा यायच्या आधी बाया तो हाताने विरळ रचत, म्हणजे माप जरा फुगे. मोजणाऱ्यालाही ते ठाऊक असे. तो कधी पायाने ढीग दाबून पाही, कधी पाहत नसे. त्या एका पायावर त्या आठवड्याची मजुरी ठरत असे. द्रेझ यांच्या निबंधात हा पाय नाही, आणि तो तिथे असावा अशी अपेक्षा करणेही रास्त नाही. तरीही त्या दिवसापासून मी ही पुस्तके वेगळ्या नजरेने वाचू लागले आहे.

अशा पुस्तकांबाबत माझी एक जुनी सवय आहे. पुस्तक हाती आले की मी प्रस्तावनेआधी शेवटची सूची उघडते आणि आपल्या मुलखाचे नाव शोधते. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात शिकत असताना एरिक स्टोक्स यांचे 'द इंग्लिश युटिलिटेरियन्स अँड इंडिया' हे 1959 सालचे पुस्तक मी असेच सूचीतून उघडले होते. त्यात बेंथम, मिल, रिकार्डो हे इंग्लंडातले उपयुक्ततावादी आणि अर्थशास्त्री विचारवंत असणार हे उघड होते. पण त्या मंडळींच्या मागोमाग पुणे जिल्हा येतो, पुणे जिल्ह्यातून वाट इंदापुराकडे जाते, आणि पाहता पाहता लंडनमधील एका सिद्धांताची गाठ आमच्या बरड माळाशी पडते. विचारांचा इतिहास म्हणजे मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांना दिलेली उत्तरे, असे तोवर मला वाटत असे. त्या दुपारी ती समजूत कायमची सुटली.

ही हकीकत इतकी आपली आहे आणि तरी इतकी कमी सांगितली जाते, की ती इथे सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. 1817 साली डेव्हिड रिकार्डो यांचा अर्थशास्त्रावरचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो लिहावा म्हणून त्यांच्या मागे लागलेले त्यांचे मित्र जेम्स मिल यांचा हिंदुस्थानचा इतिहासही त्याच साली आला. पुढच्याच वर्षी पेशवाई संपली आणि दख्खनचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. 1819 मध्ये मिल कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीला लागले. हिंदुस्थानात त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही. मात्र इथल्या महसुलाविषयीचे खलिते त्यांच्या हाताखालून जाऊ लागले. रिकार्डोंचा खंडाचा सिद्धांत थोडक्यात असा: लागवडीखालच्या सर्वांत हलक्या जमिनीतून फक्त खर्च आणि भांडवलावरचा नेहमीचा नफा सुटतो, तिच्याहून सरस जमिनीतून जे अधिक निघते, ते कसणाऱ्याच्या कष्टाचे फळ नसून जमिनीच्या गुणाचे फळ असते, आणि तोच खंड. यावरून मिल यांनी निष्कर्ष काढला की हा खंड सरकारने सारा म्हणून घेतला, तर शेती, व्यापार, कष्ट यांतल्या कशालाही धक्का लागणार नाही. इंग्लंडात हे करणे अशक्य होते, कारण खंड खाणारे जमीनदारच तिथे पार्लमेंटात बसलेले होते. हिंदुस्थानात तशी आडकाठी नव्हती.

कंपनीच्या भावी अधिकाऱ्यांना हेलिबरी येथील महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होते टॉमस माल्थस, 1805 पासून 1834 मध्ये निधन होईपर्यंत. त्यांच्या हाताखाली शिकून आलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल हा हुशार तरुण पुणे जिल्ह्यात नेमला गेला आणि 1820 च्या दशकात त्याने जिल्ह्याची मोजणी हाती घेतली. काम त्याने मनापासून केले. जमिनीचा मगदूर पाहून प्रत लावायची, प्रत्येक प्रतीच्या जमिनीतून किती पीक येते ते ठरवायचे, त्यातून लागवडीचा सगळा खर्च वजा करायचा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या 55 टक्के सारा बसवायचा. कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती. रिकार्डोंच्या ग्रंथातील विचार इतक्या निष्ठेने शेतात उतरवण्याचा असा प्रयत्न दुसरीकडे क्वचितच झाला असेल.

त्याने तालुका उजाड झाला.

पिकाचे अंदाज फुगलेले होते. मोजणी करणाऱ्या हाताखालच्या लोकांनी लाच घेऊन हलकी जमीन भारी आणि भारी जमीन हलकी लिहिली. त्यातच धान्याचे भाव कोसळले, पण रोखीतला सारा तेवढाच राहिला. वसुलीसाठी कुणब्यांचा छळ झाला, हे पुढे सरकारी अहवालांतूनही नोंदले गेले. लोक जमिनी टाकून निघून गेले आणि वाहितीची शेते पडीक झाली. अखेर 1830 च्या दशकाच्या मध्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूरपासूनच नवी मोजणी सुरू केली. निव्वळ उत्पन्नाच्या गणिताला त्यांनी व्यवहारात बगल दिली. जमिनीची प्रत पाहायची, मागच्या वर्षांत खरोखर किती सारा वसूल झाला ते पाहायचे, आणि लोकांना झेपेल असा दर 30 वर्षांसाठी बांधून द्यायचा, अशी त्यांची रीत होती. पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र चालली ती हीच पद्धत. 30 वर्षे संपल्यावर 1860 च्या दशकात फेरआकारणीत सारा पुन्हा चढला आणि 12 मे 1875 रोजी शेजारच्या सुप्याच्या बाजारात सावकारांची खतपत्रे जळाली. त्या उठावाची अनेक कारणे होती, त्यांतले हे एक.

हे सगळे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला प्रिंगलचा राग आला होता. आता येत नाही, आणि तेच मला अधिक जड जाते. तो लबाड असता तर गोष्ट सोपी झाली असती. तो वर्गात उत्तम शिकला होता, आपल्या गुरूंवर त्याचा विश्वास होता, रयतेचे भलेच होईल असे त्याला वाटत होते आणि त्याने उन्हातान्हात काम केले. विकासावरची पुस्तके वाचताना मला असा प्रिंगल पुन्हा पुन्हा भेटतो. कधी तो धरणाचा अभियंता असतो, कधी पतपुरवठ्याच्या योजनेचा तज्ज्ञ. म्हणून कुठलाही सुरेख, निर्दोष सिद्धांत वाचताना मनात पहिला प्रश्न येतो: हा कोणाच्या बांधावर उतरणार आहे, आणि तिथे माप धरणारा माणूस कोण असेल?

1876 ते 1878 च्या दुष्काळाविषयी वाचताना तर हा प्रश्न अंगावर येतो. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घातला की टंचाईचा दुष्काळ होतो, हे ॲडम स्मिथ यांनी 1776 मध्ये लिहिले होते. शंभर वर्षांनी व्हाइसरॉय लिटन यांच्या सरकारच्या हातात तो जवळजवळ धर्मनियम झाला होता. इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांची कहाणी यात सर्वांत बोलकी आहे. 1873-74 मध्ये बिहारात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे वाचवली, आणि उधळपट्टी केली म्हणून त्यांनाच बोल लागला. दोन-तीन वर्षांनी दख्खन आणि मद्रासच्या दुष्काळात तेच टेंपल काटकसरीचा कित्ता गिरवत आले आणि दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला सुमारे एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत, असे त्यांनी ठरवले. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नव्हे, आणि तेही दिवसभर दगडमाती वाहणाऱ्या माणसाला. मद्रासचे आरोग्य अधिकारी कॉर्निश यांनी त्याला विरोध केला. आपल्याकडे हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि गणेश वासुदेव जोशी यांच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणसांनी संप केला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात मी कधी वाचली नव्हती. त्या काळात बंड करणारे वासुदेव बळवंत फडके आम्हाला शिकवले गेले आणि ते योग्यच झाले. परंतु टोपली खाली ठेवून चालू लागलेल्या त्या बायाबापड्यांनाही त्या पाठात दोन ओळी मिळायला हव्या होत्या.

त्या एका पौंडापासून आत्याच्या मजुरीपर्यंत यायला जवळपास शंभर वर्षे लागली. या वाटेवर इंग्रजी अमलातल्या दारिद्र्यावर लिहिणारे रमेशचंद्र दत्त आहेत, दादाभाई नौरोजी आहेत, 1880 चा दुष्काळ आयोग आणि त्यानंतरच्या दुष्काळ संहिता आहेत. पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचे 1971 चे 'पॉव्हर्टी इन इंडिया' आहे. दारिद्र्य हटवायचे तर मागेल त्याला सार्वजनिक कामांवर रोजगार द्यावा लागेल, हे त्यांनी हिशेबासह सांगितले. आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे आहेत, ज्यांच्या आग्रहातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा 1979 च्या प्रजासत्ताक दिनी अमलात आला. पण ग्रंथ आणि नेते यांच्यापुरतीच ही वाट पाहिली, तर तिचा अर्धा भाग दिसत नाही. दुष्काळात मजुरांचे मोर्चे निघत होते, तहसील कचेऱ्यांना घेराव पडत होते, कामे बंद करू नका म्हणून बाया रस्त्यावर बसत होत्या. रिकार्डोंचा विचार वरून खाली आला होता. हा विचार निदान काही अंशी माळावरून वर चढला, त्याला पुढे ग्रंथ मिळाले आणि मग कायदा मिळाला.

इथे मला अमेरिकी अभ्यासक जेम्स स्कॉट यांच्याशी थोडे भांडावेसे वाटते. 'सीइंग लाइक अ स्टेट' हे त्यांचे 1998 चे पुस्तक मी अतिशय आदराने वाचले आहे. राज्यसंस्थेला माणसे वाचता यावीत म्हणून ती त्यांना सरळ रकान्यांत बसवते, आणि त्या रकान्यांत न मावणारे शहाणपण पायदळी जाते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आत्याचे नाव मस्टरवर नसणे हे त्याचे नेमके उदाहरण म्हणून मी सहज देऊ शकले असते. तिच्या घामापुढे दुसऱ्या बाईचे नाव लिहिले गेले, आणि रकान्याला त्याचे काही सोयरसुतक नव्हते. हे खरे आहे आणि ते मला लागते. परंतु त्याच रकान्यामुळे त्या घरात मजुरी आली. बाळंतिणीच्या पोटात अन्न गेले, तिचे मूल जगले, आज तो दादा साखर कारखान्यातून निवृत्त झाला आहे. यादीत चुकीच्या नावाने असणे आणि यादीच नसणे यांतला फरक 1877 च्या माणसांना कळला असता. आत्यालाही तो कळतो. मस्टर नसावे असे ती कधी म्हणाली नाही. आपले नाव त्यावर असायला हवे होते, एवढेच तिचे म्हणणे आहे. राज्यसंस्थेच्या नजरेवर टीका करणाऱ्या मोठ्या ग्रंथांत त्या नजरेत येण्यासाठी धडपडणाऱ्यांची बाजू मला नेहमी थोडी कमी वाटते.

एक खंत आहे, ती लिहून टाकते. आपल्या तालुक्याचा हा इतिहास मला इंग्रजीतून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचावा लागला. मराठीत ही परंपरा नव्हती असे मुळीच नाही. हिंदुस्थानच्या दारिद्र्याची कारणमीमांसा करणारे रामकृष्ण विश्वनाथ यांचे मराठी पुस्तक 1843 सालचे आहे, नौरोजींच्या ग्रंथाच्या कितीतरी आधीचे. शेतकऱ्याला सारा, सावकार, कचेरी आणि भटशाही यांनी कसे घेरले आहे, हे जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' मधून ज्या ताकदीने सांगितले, त्याला तोड नाही. ही माणसे आपल्या वाचकाला कठीण विषय झेपेल, असा विश्वास धरून लिहीत होती. आज आपल्याकडे चरित्रे भरपूर निघतात, यशाचे मार्ग सांगणारी पुस्तकेही भरपूर निघतात. पण स्टोक्स किंवा द्रेझ यांच्या तोडीचे, तळटीपांसकटचे पुस्तक मराठीत यावे यासाठी कोणी धडपडताना दिसले की मला सण झाल्यासारखे वाटते. अवघड पुस्तकाला वाचक नसतो, हे मला पटत नाही. त्याच्यापर्यंत ते पोचलेले नसते.

म्हणून इंदापुरात आम्ही काही जण रविवारी सकाळी एकत्र बसून वाचतो. मी घरी मराठीत टिपणे काढून नेते आणि मूळ पानेही सोबत ठेवते. एक शिक्षिका आहेत, एक निवृत्त तलाठी भाऊसाहेब आहेत, बाजारपेठेतले एक किराणा दुकानदार आहेत, दोन-तीन महाविद्यालयीन मुले आहेत. प्रिंगलचे प्रकरण वाचले त्या दिवशी सर्वांत आधी भाऊसाहेब बोलले. निव्वळ उत्पन्न काढताना घरच्या बायकापोरांची मजुरी खर्चात धरली पाहिजे, नाहीतर हिशेब मुळातच फसतो, असे म्हणून त्यांनी आपल्या नोकरीतल्या आणेवारीच्या कहाण्या सांगायला सुरुवात केली, आणि त्या सकाळी आम्ही एका पानापलीकडे गेलो नाही. मला ते वाचन फार समृद्ध वाटले.

सध्या दांडेकर आणि रथ वाचतो आहोत. 1960-61 च्या भावांनी खेड्यात माणशी महिना 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, ही त्यांनी धरलेली किमान गरज. शिक्षिकांना शहर आणि खेडे यांतले हे अंतर मान्य नाही; खेड्यात दवाखान्याला जायचे तर एसटीचे भाडे कोण मोजणार, असे त्या विचारतात. मुलांना 15 हा आकडाच खोटा वाटतो. दुकानदारांच्या घरी त्यांच्या वडिलांच्या काळातील 1961 ची रोजकीर्द अजून जपून ठेवलेली आहे आणि तीत ज्वारी, गूळ, रॉकेल, मांजरपाट यांचे भाव तारीखवार लिहिलेले आहेत. पुढच्या रविवारी ते ती घेऊन येणार आहेत. पाच माणसांच्या घराचा महिन्याचा बाजार त्या भावांनी मांडून पाहायचा आणि 75 रुपयांत काय काय बसते ते बघायचे, असे ठरले आहे.